माशाच्या अंगावरचा फोड ही शेवटची खूण

राज्य मंत्रिमंडळाने 22 एप्रिल 2025 रोजी मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. वीजदर, कर्ज व विमा या बाबतीत मासेवाला आता शेतकऱ्याच्या रांगेत आला. पारशिवनी तालुक्यातील बोड्या, मालगुजारी तलाव व पेंचच्या पाण्यावर जगणाऱ्या ढीवर बांधवांसाठी व शेततळ्यात मासे सोडणाऱ्या शेतकऱ्यांसाठी ही चांगलीच बातमी आहे. पण शेतीचा दर्जा म्हटला की पिकाच्या रोगावर लक्षही आलेच. ते माशांच्या बाबतीत ठेवले जाते का, हा खरा सवाल आहे.

दिवाळीनंतर थंडी पडली की तळ्यात काठाला सुस्त मासे दिसू लागतात. अंगावर तांबडे चट्टे येतात, खवले गळतात, मग उघडी जखम होते. भारतात 1988 मध्ये ईशान्येकडील राज्यांत शिरलेल्या व्रणरोगात हेच दिसले व तेव्हा मरळीसारखे मासे आधी बळी पडले. त्या रोगाचे मूळ एका बुरशीसारख्या जीवात आहे. पण जखमेत शिरून मासा मारण्याचे काम बरेचदा एरोमोनास नावाचे जिवाणू करतात. बुरशी नसतानाही हे जिवाणू एकटे फोड आणू शकतात.

हे जिवाणू तळ्याच्या पाण्यात बारमाही असतातच. धडधाकट माशाला ते काही करीत नाहीत. बोटुकलीची गर्दी, शेणखताचा अतिरेक, पहाटे कमी पडणारा प्राणवायू, जाळ्याने खरचटलेले अंग किंवा एकदम गार झालेले पाणी, यांपैकी काही घडले की मासा अशक्त होतो आणि त्यांना वाट मिळते.

आता मुद्द्याची गोष्ट. कातडीवर फोड दिसतो तेव्हा माशाच्या रक्तात बिघाड बहुधा आधीच झालेला असतो. या जिवाणूंचे विष तांबड्या पेशी फोडते. हिमोग्लोबिन उतरते, रक्तातील प्रथिने घटतात आणि रोगाशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी वाढतात. तांबड्या पेशी कमी म्हणजे पाण्यातला प्राणवायू उचलण्याची ताकद कमी. म्हणूनच असा मासा पहाटे वर येऊन तोंड उघडतो. आपण म्हणतो पाणी बिघडले, पण कधी कधी पाणी आणि रक्त दोन्ही बिघडलेले असते.

रक्त तपासायला प्रयोगशाळा लागते, पण कल्ला उघडून बघायला काही लागत नाही. पंधरवड्यातून एकदा जाळे टाका, दहा-वीस मासे हातात घ्या. कल्ले लालभडक असतील तर ठीक. फिकट गुलाबी किंवा पांढुरके असतील, तर फोड नसला तरी सावध व्हा. हाताला जखम असेल तर रोगी मासा हाताळू नका. माणसाच्या जखमेतही हे जिवाणू शिरतात.

संशय आला तर आधी शेणखत बंद करा, खाद्य कमी करा, शक्य असेल तर ताजे पाणी द्या. चुना टाकायचा तो पाण्याचा सामू तपासूनच. काळ्या मातीतले पाणी बरेचदा आधीच विम्लधर्मी असते. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंशोधन संस्थेने व्रणरोगासाठी काढलेले सिफॅक्स हेक्टरी, एक मीटर खोलीला, 1 लिटर वापरतात. दुकानदाराच्या सांगण्यावरून प्रतिजैविके मात्र टाकू नका. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांना तर खाण्याच्या माशांसाठी बंदीच आहे.

नमुना पाठवायचा तर मरणपंथाला लागलेला पण जिवंत मासा प्राणवायू भरलेल्या पिशवीत न्या. मेलेल्या माशाचे रक्त निदानाच्या कामाचे राहत नाही. नागपुरात मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तिथे विचारणा करता येते. 28 जून 2023 पासून केंद्र सरकारचे मोबाईलवरील रिपोर्ट फिश डिसीज ॲपही आहे.

2008 च्या खरिपात सोयाबीनवर अळीने थैमान घातले, तेव्हा शासनाने पुढच्या हंगामापासून कीड-रोग सर्वेक्षण सुरू केले. निरीक्षण शेतात आणि सल्ला गावात, असे ते काम आहे. माशांसाठी गावपातळीवर तसेच व्हायला हवे. त्याची सुरुवात संस्थेच्या सचिवाने व ग्रामसेवकाने एक साधी वही ठेवून करावी. त्यात तारीख, पाण्याचा रंग, कल्ल्यांचा रंग, मेलेले मासे व टाकलेले औषध एवढेच लिहायचे. सचिवाला वेळ नसेल तर तळ्यावरच्या पोराकडून लिहून घ्यावे.

बंधूंनो, मासे मेल्यावर पुरावा काठावर कुजून जातो. मग विमा मागायला किंवा भरपाईसाठी अर्ज करायला हातात काय उरते? कागदावर शेतीचा दर्जा आला आहे, तळ्यावर तो आणायला ती वही लागेल. या थंडीपासूनच लिहायला घ्या.