बोटांवरचा भार

गेल्या महिन्यात येथे कन्नौदला आमच्या शेजारचा नववीतील मुलगा गिटार घेऊन आला आणि खिन्नपणे म्हणाला, "सर, बोटे सोलवटली, मनगटही भरून येते. माझी बोटेच आखूड आहेत. आता हे सोडून देतो."

आमच्या घरी गवसणीत गुंडाळलेली सतार त्याने पाहिली होती. ती आम्ही का सोडली, हे मात्र आजवर कोणास सांगितले नव्हते. विशीत असताना द्रुत गतीच्या हव्यासापायी आम्ही मनगट दुखावून घेतले आणि दोष वाद्याला दिला.

गिटार सतारीहून निराळी खरी. परंतु तार आणि पडदा यांचा व्यवहार बराचसा सारखाच. आम्ही त्याला वाजवावयास सांगितले. खांदे चढलेले, अंगठ्याने दांडी गच्च आवळलेली, आणि बोट दोन पडद्यांच्या मधोमध! तेथे जोर अधिक लागतो. बोट पडद्याच्या किंचित मागे, अगदी लगत टेकले की थोडक्या दाबातही स्वर स्वच्छ उमटतो. मग एक प्रयोग केला. तारेवर बोट नुसते ठेवून तार छेडावी, दाब हळूहळू वाढवावा आणि खरखर थांबेल तेथेच थांबावे. "एवढाच दाब पुरतो?" त्याने विस्मयाने विचारले.

अंगठा दांडीमागे सैल असावा, रिकामी बोटे तारांपासून दूर उडू नयेत, आणि चूक होणार नाही इतक्याच संथ लयीत वाजवावे. बोटांची अग्रे काही आठवड्यांत निबर होतात. मनगटाची वेदना मात्र इशारा असते. ती जाणवताच वाद्य खाली ठेवावे.

राहिला आखूड बोटांचा प्रश्न. जँगो राइनहार्ट या युरोपीय वादकाच्या डाव्या हाताची दोन बोटे 1928 मधील आगीत अधू झाली. त्याने उरलेल्या दोन बोटांनी सूर गुंफण्याची नवी रीत बसविली. इतके दूर तरी कशास जावे? क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व 1948 मध्ये आपल्या देवासला आले. काही वर्षे गाणे बंद होते. एक फुप्फुस निकामी होऊनही ते पुन्हा गायले, आणि आखूड दमाच्या मर्यादेतूनच त्यांच्या छोट्या, तेजस्वी स्वराकृती घडल्या. तंत्र म्हणजे देहावर जुलूम नव्हे. देहाशी केलेला समजूतदार करार होय.

मुलगा आता रोज थोडा वेळ, संथ लयीत वाजवतो. आम्हीही सतारीची गवसणी काढली आहे. गंजलेल्या तारा मात्र बदलाव्या लागतील.

ज्या घरांत मुले वाद्य शिकत असतील, तेथील वडीलधाऱ्यांना आमची एवढीच विनंती: "किती जलद वाजवतोस?" हे पुढे कधीतरी विचारावे, "कोठे दुखते का?" हे आज विचारावे.