ब्रेकच्या सामानात काटकसर नको

वणीकडं कोळशाचे ट्रक, पांढरकवड्याजवळ ४४ नंबर हायवेची भरधाव गर्दी. तिथं ब्रेक दाबला अन् लिव्हर थेट मुठीला टेकला तर काय होईल, सांगा भाऊ!

मास्टर सिलिंडर बदलताना दुकानदार म्हणतो, "हे बी बसते." बसते हो, पण बोअर वेगळा असला तर ब्रेकचा अंदाजच बदलतो. मोठा असला तर लिव्हर कडक, लहान असला तर लांब जातो. हायड्रॉलिक क्लचचंही तेच. म्हणून जुन्यावरचा आकडा जुळवा, झाकणावर लिहिलेलंच ब्रेक ऑइल टाका, पक्कं बिल घ्या. बिलाशिवाय ग्राहक आयोगात काय दाखवणार?

हेल्मेटची तपासणी होते, चांगलंच आहे. पण डुप्लिकेट ब्रेकचं सामान विकणाऱ्यांची कधी होणार? प्रशासनानं उत्तर द्यावं.