खिडक्या पुन्हा मांडताना

आधीच सांगते, आमचं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांनी सांभाळून घ्यावं!

विषय साधा आहे. प्रोजेक्टला बसले की माझ्या स्क्रीनवर पाच खिडक्या असतात. डावीकडे ड्रॉइंग, उजवीकडे कोड, खाली टर्मिनल, मागे दोन पीडीएफ. मग लाइट जाते. परत येते तेव्हा पाटी कोरी. फाइल सेव्ह असते हो, पण मांडणी गेलेली. ती लावायला दहा मिनिटं आणि ‘मी नेमकं काय करत होते?’ हे आठवायला अर्धा तास.

गंमत म्हणजे यावर औषध जुनंच आहे. युनिक्सवरच्या एक्स विंडो सिस्टिममध्ये १९९४ साली सेशन मॅनेजमेंटचा प्रोटोकॉल आला. लॉगआउटच्या वेळी प्रत्येक प्रोग्रॅमला विचारायचं, ‘बाबा रे, तू कुठे होतास ते लिहून ठेव.’ जो उत्तर देत नाही, तो विसरला जातो. पण लाइट काही विचारून जात नाही! म्हणून २००६ च्या फायरफॉक्स २ ची पद्धत मला जास्त पटते. तो काम चालू असतानाच टॅब नोंदवत राहतो, म्हणून क्रॅशनंतरही ते परत मिळतात.

माझे बाबा भोसरी एमआयडीसीत टूलरूममध्ये आहेत. तिथे भिंतीवरच्या बोर्डावर प्रत्येक पान्ह्याची आकृती रंगवलेली असते. पान्हा जागेवर नसला की लगेच दिसतं. पण बाबा म्हणतात, ‘बोर्ड फक्त जागा सांगतो. जॉब कुठवर आलाय ते शिफ्टच्या रजिस्टरमध्येच कळतं.’ पुढच्या शिफ्टचा माणूस आधी रजिस्टर वाचतो, मग मशीनला हात लावतो.

आमच्या लॅबमध्ये व्हायरसच्या भीतीने रिस्टार्टला सगळं पुसलं जातं. कारण मान्य आहे. शिवाय पीसी सगळ्यांचा. माझ्या खिडक्या पुढच्या मुलासमोर उघडल्या, तर माझं मेलही उघडेल! म्हणून मागणी एवढीच, की प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन द्या आणि त्याचं सेशन सर्व्हरवर चालू कामातच सेव्ह होऊ द्या. बाकीचं खुशाल पुसा.

आणि आपलंही काम आहे. अर्ध्या तासाने एकदा वहीत एक ओळ लिहायची, ‘इथवर आले, पुढे हे करायचंय.’ मी महिनाभर लिहितेय. परवा लाइट गेली तेव्हा खिडक्या लावायला दहा मिनिटं लागलीच. पण आठवत बसावं लागलं नाही.