मागून धडक : दोष कोणाचा?

मागच्या गाडीने पुढच्या गाडीला ठोकले की दोष मागच्याचा, हे वाक्य आपल्या बेटावर शाळकरी मुलांनाही पाठ आहे. सकाळी फिनिक्सहून पोर्ट लुईकडे जाणाऱ्या रांगेत बंपरला बंपर लागला, तर दोघे चालक खाली उतरायच्या आत बघ्यांनी निकाल देऊन टाकलेला असतो. तो निकाल बहुतेक वेळा बरोबरही असतो. पण ‘बहुतेक वेळा’ आणि ‘नेहमी’ यांत जे अंतर आहे, त्यात एखाद्या कुटुंबाची अनेक वर्षांची विम्याची सवलत अडकते, कधी मानेचे दुखणे अडकते, कधी नोकरीही. म्हणून हा प्रश्न जरा खोलात जाऊन पाहावा असे वाटते.

उदाहरणासाठी हॉलंडमधील झूटरमेर हे गाव घेऊ. आपल्या बेटाला 1598 साली ज्यांनी राजपुत्र मॉरिस याचे नाव दिले, त्या डच लोकांचा हा देश. हेग शहराच्या पूर्वेला असलेले झूटरमेर मुळात लहान खेडे होते. हेगची वाढती वस्ती सामावून घेण्यासाठी 1962 साली सरकारने ते निवडले आणि आज तेथे सव्वा लाखाहून अधिक लोक राहतात. 1975 साली सुरीनाम स्वतंत्र झाल्यानंतर तेथील हिंदुस्तानी कुटुंबे मोठ्या संख्येने हॉलंडला आली. त्यांपैकी पुष्कळ हेगमध्ये आणि झूटरमेरसारख्या जवळच्या गावांत स्थायिक झाली. गावाच्या अंगावरून ए-12 हा महामार्ग जातो. रेल्वे स्थानकाजवळ या रस्त्यावर नेल्सन मंडेला यांच्या नावाचा पूल आहे. सकाळच्या वेळी त्याखालून हेगकडे निघालेली वाहने कधी पळतात, कधी एकाएकी थबकतात. मागून धडक बसण्याला याहून सोयीची जागा शोधावी लागणार नाही.

डच कायदा याविषयी काय म्हणतो? 1990 च्या वाहतूक नियमावलीतील कलम 19 असे की, चालकाला जेवढा रस्ता दिसतो आणि मोकळा आहे, तेवढ्या अंतरात त्याला गाडी थांबवता आली पाहिजे. या कलमात ‘मागचा’ किंवा ‘पुढचा’ हे शब्दच नाहीत. दोष देण्याची भाषाही नाही. केवळ थांबता येण्याची अट आहे, आणि जो आदळला त्याला थांबता आले नाही हे उघड असते. म्हणून प्रथमदर्शनी जबाबदारी मागच्यावर येते. यात गणितही आहे. ताशी 100 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर पुढे जाते. दोन सेकंदांचे अंतर म्हणजे सुमारे 56 मीटर. गर्दीच्या वेळी एवढी जागा कोणी मोकळी सोडली, तर शेजारच्या रांगेतला कोणीतरी त्यात गाडी घुसवतो, अशी चालकांची तक्रार असते. तक्रार खरी आहे. पण घुसणाऱ्यामुळे अंतर कमी झाले, तर पुन्हा अंतर वाढवण्याचे कामही मागच्याकडेच येते.

आता दुसरी बाजू. डच रस्ते-वाहतूक कायद्याचे कलम 5 सर्वांनाच लागू आहे : रस्त्यावर धोका निर्माण होईल असे कोणीही वागू नये. पुढच्या चालकाने विनाकारण जोरात ब्रेक दाबला, मागच्याला धडा शिकवायचा म्हणून दाबला, तर त्याच्यावरही दोषाचा वाटा येऊ शकतो. मात्र हे दाखवण्याचा भार व्यवहारात मागच्यावर पडतो आणि साक्षीदार नसेल तर तो उचलणे कठीण. ‘तो एकदम थांबला’ एवढे सांगून भागत नाही. एकदम थांबणे ही रस्त्यावरची रोजची गोष्ट आहे आणि कलम 19 तिच्यासाठीच लिहिलेले आहे.

येथे त्या प्रसिद्ध कागदाकडे वळू. युरोपभर अपघातानंतर दोन्ही चालक एकच नमुना भरतात, हॉलंडमध्ये तो आता मोबाईलवरूनही भरता येतो. त्याच्या 12 व्या रकान्यात 17 चौकोन आहेत. आठवा चौकोन म्हणतो : त्याच दिशेने, त्याच रांगेत जाताना पुढच्या वाहनाच्या मागील भागावर आदळलो. दहावा म्हणतो : रांग बदलत होतो. चौदावा म्हणतो : मागे घेत होतो. सगळे भांडण या तीन चौकोनांत सामावलेले आहे. समजा, ए-12 वर शेजारच्या रांगेतून एक गाडी तुमच्यापुढे आली, लगेच थांबली आणि तुम्ही तिच्यावर आदळलात. मोडतोड पाहिली तर ती आठव्या चौकोनासारखी दिसेल. खरा प्रसंग दहाव्या चौकोनाचा आहे. पुढच्याने तो चौकोन भरला नाही आणि तुम्ही घाबरून सही केली, तर विमा कंपनीच्या टेबलावर तुम्ही साधे मागून धडकणारे ठरता.

नमुन्यावर छापलेले असते की ही सही म्हणजे दोषाची कबुली नव्हे. ते खरे आहे, तरी त्यावर फार विसंबू नये. सही केलेल्या मजकुराविरुद्ध बोलायचे झाले, तर पुरावा सही करणाऱ्यालाच आणावा लागतो. म्हणून पहिला धक्का कोठे बसला हे बाणाने दाखवायचा 10 वा रकाना, चित्राचा 13 वा आणि शेऱ्याचा 14 वा हे मन लावून भरावेत. साक्षीदाराचे नाव तेथल्या तेथेच घ्यावे, कारण पाच मिनिटांत तो निघून जातो.

तीन गाड्यांची साखळी झाली की प्रश्न आणखी अवघड होतो. मधली गाडी स्वतः आदळली की मागच्याने ढकलली? अशा वेळी सर्वांत पुढच्या चालकाला विचारतात : धक्के किती बसले? एकच बसला असेल, तर मधल्याने वेळेवर ब्रेक लावला असावा आणि तो ढकलला गेला. दोन बसले असतील, तर मधला आधीच आदळलेला होता. एका माणसाच्या पाठीने मोजलेल्या धक्क्यांवर दुसऱ्याची जबाबदारी ठरते!

आणि ठरते त्याला किंमत आहे. हॉलंडमध्ये दोष आपल्यावर आलेल्या एका दाव्याने साधारणपणे पाच अपघातरहित वर्षे वजा होतात आणि हप्ता चढतो. ज्याला मागून मार बसला, त्याचेही सोपे नसते. मानेला बसलेला झटका क्ष-किरणात दिसत नाही. 2001 साली डच सर्वोच्च न्यायालयाने मानले की अशा तक्रारींच्या बाबतीत पुराव्याची अट फार कडक ठेवता येत नाही. वैद्यकीय कारण नेमके सापडले नाही म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. आमच्या मते हा निर्णय माणुसकीला धरून आहे.

भारतातील न्यायालयांचा कलही पाहण्यासारखा आहे. तेथे 1989 च्या नियमांत पुढच्या वाहनापासून पुरेसे अंतर ठेवावे असे स्पष्ट लिहिले होते. त्याच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली एका मोटारचालकाला दोषी धरले. तो ट्रकच्या मागे अवघ्या 10-15 फुटांवर चालत होता. याउलट 2025 च्या निकालात कोइम्बतूरच्या एका विद्यार्थ्याची मोटारसायकल महामार्गावर एकाएकी थांबलेल्या मोटारीवर मागून आदळली होती. तो खाली पडला, मागून आलेली बस त्याच्या पायावरून गेली आणि पाय कापावा लागला. मोटारचालक म्हणाला, गर्भवती पत्नीला मळमळत होते. न्यायालयाने म्हटले, महामार्गावर इशारा न देता असे थांबता येत नाही. दोषाची वाटणी झाली ती अशी : मोटार 50 टक्के, बस 30, विद्यार्थी 20. ‘मागचाच दोषी’ म्हणणाऱ्यांनी ही वाटणी जरूर पाहावी.

आता यात एक नवा भिडू आला आहे. युरोपात जुलै 2024 पासून प्रत्येक नव्या मोटारीत संकटकाळी आपोआप लागणारा ब्रेक असणे बंधनकारक आहे. ही यंत्रे कधी कधी सावलीला किंवा पुलालाही अडथळा समजतात. मग पुढचा चालक म्हणेल, मी ब्रेक दाबलाच नाही! धडकेपूर्वीच्या काही सेकंदांची नोंद ठेवणारे यंत्रही नव्या गाड्यांत सक्तीचे आहे. पण ती नोंद निनावी ठेवून अपघातांच्या अभ्यासासाठी वापरावी असा त्यामागचा हेतू आहे, दोन चालकांचे भांडण सोडवण्यासाठी ती सहज हाती येणार नाही. मागच्याचे अंतराचे कर्तव्य यामुळे बदलत नाही. पुढचा का थांबला, हे सांगणारा मात्र कोणी उरत नाही.

आपल्याकडे जखमी कोणी नसेल तर दोघांनी मिळून भरायचा कागद आहे, ज्याला सगळे ‘कोंस्ता’ म्हणतात. फ्रेंच सिव्हिल कोडची 1382 ते 1384 ही कलमेही आपल्याकडे त्याच क्रमांकांनी चालू आहेत. फ्रान्सने मात्र 2016 साली क्रमांक बदलले. ज्यांची मुले युरोपात आहेत त्यांनी एवढे कळवावे : तेथला नमुना डच असो, फ्रेंच असो, इटालियन असो, रकान्यांची मांडणी सारखीच असते. भाषा येत नसेल तर आपल्याला समजणारी प्रत शेजारी ठेवून वाचावे. आठवा चौकोन सर्व भाषांत आठवाच असतो.