तोफांचे नांगर झाले, पण तोफा किती दिवस पुरणार?

एप्रिल 2025 मध्ये चीनने दुर्मीळ खनिजांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि भारतातल्या वाहन कंपन्या चिंतेत पडल्या. कच्चा माल अडला की कारखाना अडतो, हे सातारा-सांगलीने शंभर वर्षांपूर्वीच अनुभवलंय.

1910 मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळ जागा दिली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर तिथे उभी राहिलेली किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. या कारखान्यात लोखंडी नांगर बनायचे. पहिलं महायुद्ध पेटलं आणि लोखंड, कोळसा मिळेनासा झाला. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर तयार झाले.

यातून काय कळतं?

पहिलं, टंचाईत नुसता पैसा पुरत नाही, सत्तेची साथ लागते. लक्ष्मणरावांना ती मिळाली. प्रत्येक छोट्या कारखानदाराला मिळतेच असं नाही.

दुसरं, तोफ एकदाच वितळवता येते. भंगारावर वेळ निभावते, कायमचा पुरवठा होत नाही. आज भारताकडे दुर्मीळ खनिजांचे साठे आहेत, पण ती शुद्ध करून चुंबक बनवण्याची क्षमता तोकडी आहे. ती वाढेपर्यंत चावी दुसऱ्याच्याच हातात राहणार.