मर्यादा आली, पण कधी?

फॉर्म्युला वनमध्ये २०१० साली तीन नवे संघ उतरले, ते खर्चावर मर्यादा येणार या भरवशावर. चार कोटी पौंडांचा आकडाही बोलला गेला होता. मर्यादा बारगळली, संघ मात्र अडकले. २०११मध्ये १०७ टक्क्यांचा नियम परतला: पात्रता फेरीच्या पहिल्या टप्प्यातल्या सर्वोत्तम वेळेच्या तेवढ्या आत या, नाहीतर घरी जा. मेलबर्नला आपला चालक नारायण कार्तिकेयन याच्यासह, त्या तीन नव्या संघांपैकी एक असलेल्या हिस्पानियाच्या दोन्ही गाड्या त्यात अडकल्या. २०१४मध्ये महागडी हायब्रिड इंजिनं आली. तंत्रज्ञान अव्वल, यात वाद नाही. पण छोट्यांना ती बड्या कंपन्यांकडून विकतच घ्यावी लागत. २०१७च्या हंगामात त्या तीन नव्या संघांपैकी एकही उरला नव्हता. खर्चमर्यादा लागू झाली २०२१ साली.