पुसण्यापूर्वी तपासा!

विद्यार्थी मित्रहो, बटण दाबूनही दिवा लागला नाही, तर आपण काय करतो? बल्ब बदलून पाहतो, फ्यूज तपासतो. घरातील सगळ्या तारा उपटून कोणी नव्याने बसवीत नाही. मात्र संगणक सुरू होईना की ‘फॉर्मॅट करून टाका’ हा सल्ला आपण निमूटपणे मान्य करतो. हे शास्त्रीय वृत्तीला धरून आहे काय?

आमच्या प्रयोगशाळेतील एका जुन्या संगणकावर लिनक्स ही कार्यप्रणाली होती. तिच्या जोडीला कोणीतरी दुसरी कार्यप्रणाली बसवली आणि लिनक्स दिसेनाशी झाली. विद्यार्थ्यांनी वर्षभर घेतलेली लंबकाची निरीक्षणेही तिच्याबरोबर गेली! ‘हा विभाग वाचता येत नाही, फॉर्मॅट करू का?’ असे नवी प्रणाली विचारू लागली. दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनीही तेच सुचवले.

खरोखर बिघडले काय होते? वीज मिळताच संगणकातील ‘बायोस’ हा प्रोग्रॅम प्रथम जागा होतो. जुन्या पद्धतीच्या संगणकात तो हार्ड डिस्कचा केवळ पहिला कप्पा वाचतो. हा कप्पा 512 बाइटांचा. त्यातील 446 बाइट सुरुवातीच्या सूचनांसाठी, 64 बाइट डिस्कच्या विभागांच्या तक्त्यासाठी आणि 2 बाइट खुणेसाठी असतात. त्या 446 बाइटांत ‘ग्रब’ या बूटलोडरचा पहिला तुकडा असतो. तो ग्रबच्या पुढील भागाला बोलावतो. तो भाग लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतीत आणतो. नव्या प्रणालीने त्या पहिल्या तुकड्याच्या जागी आपल्या सूचना लिहिल्या होत्या, एवढेच! 500 गिगाबाइटच्या डिस्कवर असे 97 कोटींहून अधिक कप्पे असतात. एका कप्प्यासाठी बाकीचे का पुसावे?

आम्ही पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केली. डिस्कवरील विभागांची यादी पाहिली. निरीक्षणे जागच्या जागी होती! प्रथम त्यांची प्रत दुसरीकडे घेतली. मग डिस्कवरील लिनक्सचा विभाग जोडून, ‘सीएचरूट’ आज्ञेने त्यात शिरून ‘ग्रब-इन्स्टॉल’ आणि ‘अपडेट-ग्रब’ या दोन आज्ञा दिल्या. संगणक पुन्हा सुरू करताच जुनी लिनक्स हजर!

नव्या संगणकांत बायोसऐवजी ‘युईएफआय’ असते आणि बूटलोडर एका छोट्या स्वतंत्र विभागात फाइलच्या रूपात राहतो. तपशील बदलतात, पण विचाराची रीत तीच: साखळीची कडी कोठे तुटली ते शोधा. अर्थात डिस्कमधूनच खटखट आवाज येत असेल, तर संगणक ताबडतोब बंद करा. तेथे आज्ञा उपयोगी नाहीत, जाणकाराचीच मदत हवी.

काही शिक्षकबंधू म्हणतील, ‘एवढा वेळ कोणाला आहे? फॉर्मॅट तासाभरात होते.’ खरे आहे. पण त्या तासाभरात वर्षाचे काम पुसले जाते आणि बिघाडाचे कारणही अज्ञातच राहते. लिनक्स आणि ग्रब यांची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली आहे. अभ्यासाला याहून चांगले साधन कोणते? शाळेतील एक जुना, निरुपयोगी संगणक मुलांच्या स्वाधीन करा. त्यांना ग्रब मुद्दाम बिघडवू द्या आणि त्यांच्याच हातून तो दुरुस्त होऊ द्या.

आणि मित्रहो, ‘फॉर्मॅट करू का?’ असे संगणकाने विचारले, तर ‘होय’ म्हणण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारा: नेमके काय बिघडले आहे?